कंट्रोलरला काय दिसते : पीएलसी शिकतानाच्या नोंदी

सोमवार

पॅनेलच्या वायरिंगमध्ये बरीच वर्षे घालवलेल्या माणसाला पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरची, लॅडर (शिडीसारखी) आकृती पहिल्याच भेटीत ओळखीची वाटते, आणि ती तशी वाटावी अशीच तिची रचना आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला, उत्पादनात बदल झाला की रिलेंनी (विजेने उघडझाप करणाऱ्या स्विचनी) भरलेली पॅनेले उखडून नव्याने वायरिंग करण्याच्या खर्चातून सुटका हवी होती. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात घडवलेला कंट्रोलर मॉडिकॉन ०८४ या नावाने प्रसिद्ध झाला; तो त्या संस्थेचा ८४वा प्रकल्प होता, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा म्हणून प्रोग्रामला रिले सर्किटचेच रूप देण्यात आले : दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये आडव्या ओळी, डावीकडे कॉन्टॅक्ट (स्विचची जुळणारी-सुटणारी टोके) आणि उजवीकडे कॉइल (ती टोके ओढणारे वेटोळे).

हा उपकार खराच. परंतु वायरमनची वाट अडते तीही याच ओळखीमुळे. भोसरीतल्या संध्याकाळच्या क्लासमध्ये आज साधा डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर घेतला होता. रिलेचे सर्किट मला झोपेतही काढता येईल : स्टॉप बटणाचा एनसी (एरवी जुळलेला कॉन्टॅक्ट), मोटरला जादा भारापासून वाचवणाऱ्या ओव्हरलोडचा ९५-९६, पुढे स्टार्टचा एनओ (एरवी उघडा) आणि त्याला समांतर कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या मोठ्या रिलेचा, १३-१४ होल्डिंगसाठी, म्हणजे बटण सोडले तरी मोटर चालू राहावी म्हणून. कंट्रोलर आला तरी स्टॉप बटण एनसीच ठेवायचे असते, कारण वायर तुटली किंवा टर्मिनलमधून निसटली तर मशीन थांबले पाहिजे. याचा परिणाम असा की बटणाला कोणी हात लावलेला नसताना कंट्रोलरच्या त्या इनपुटचा दिवा चालू असतो. म्हणून प्रोग्राममध्ये त्याच स्टॉपसाठी एनओचे चिन्ह काढावे लागते. बटण एनसी आणि चिन्ह एनओ ही जोडी नुकताच डिप्लोमा झालेल्या मुलांनी एका वाक्यात स्वीकारली. आम्हा वायरिंगवाल्यांचा मात्र त्यावर बराच वेळ खल चालला.

सरांनी अखेरीस सांगितले की चिन्हाकडे कॉन्टॅक्ट म्हणून पाहूच नका, ‘या टर्मिनलवर आत्ता २४ व्होल्ट आहेत का?’ असा प्रश्न म्हणून ते वाचा. बटण कसले आहे, त्याचा रंग कोणता, ते कोणी दाबले, यातले काहीही कंट्रोलरला ठाऊक नसते. त्याच्यापर्यंत फक्त व्होल्टेज आहे किंवा नाही एवढेच पोहोचते. इमर्जन्सी स्टॉप मात्र या प्रश्नोत्तरांवर सोडायचा नसतो. तो सेफ्टी रिलेमार्फत कॉइलचा पुरवठा थेट तोडतो आणि प्रोग्रामला केवळ खबर देतो.

गुरुवार

आज स्कॅन, म्हणजे कंट्रोलरच्या कामाचा एक फेरा, शिकवला. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळ्या शाखांत वीज एकाच वेळी वाहत असते, कंट्रोलर मात्र सर्व इनपुट एकदा वाचून त्यांची नोंद मेमरीत ठेवतो, त्या नोंदीवरून प्रोग्राम वरून खाली सोडवतो, मग सर्व आउटपुट एकदम बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आमच्या सरावाच्या किटवर हा फेरा काही मिलिसेकंदांत पूर्ण होतो. पोस्टमन दिवसातून एकदाच पेटी उघडतो, तसे हे इनपुटचे वाचन आहे. मधल्या वेळात बाहेर काय घडले आणि मिटले याचा त्याला पत्ता नसतो.

हे समजल्यावर दोन गोष्टींचा उलगडा झाला. एकच आउटपुट कॉइल दोन ओळींत लिहिली तर खालच्या ओळीचा निकाल राहतो, कारण आउटपुट प्रत्यक्ष बदलण्याच्या क्षणी मेमरीत शेवटी लिहिलेली किंमतच असते. रिलेच्या सवयीने ‘दोन्हीकडून कॉइलला सप्लाय मिळेल’ असे समजणाऱ्याला हे कधीच पटत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. शाफ्टवर ६० दातांचे चाक बसवले आणि शाफ्ट मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर प्रॉक्झिमिटी सेन्सर (दात जवळ आला की सिग्नल देणारा) सेकंदाला १००० पल्स देतो, म्हणजे प्रत्येक पल्स चालू-बंद धरून एका मिलिसेकंदाची. पाच मिलिसेकंदांच्या स्कॅनला त्यातल्या बहुतेक दिसणारच नाहीत, आणि इनपुटवरचा फिल्टर उरलेल्याही गाळून टाकेल. अशा कामासाठी हायस्पीड काउंटर वेगळा दिलेला असतो, तो स्कॅनची वाट न पाहता मोजतो.

शुक्रवार

क्लास सुरू असताना वीज गेली आणि धड्याला आयता विषय मिळाला. होल्डिंग करून चालवलेली मोटर वीज परतल्यावर आपोआप सुरू होत नाही. स्टार्ट पुन्हा दाबावे लागते. तीच मोटर सेट-रिसेटने (एका आज्ञेने चालू, दुसरीने बंद) चालवली आणि तो बिट, म्हणजे चालू-बंदची नोंद, वीज गेल्यावरही लक्षात राहणाऱ्या मेमरीत ठेवला, तर वीज येताक्षणी ती फिरू लागेल, मग बेल्टजवळ कोणाचा हात असो वा नसो. पाण्याच्या टाकीच्या पंपाला हे सोयीचे ठरेल, प्रेसला प्राणघातक. पडद्यावर मात्र दोन्ही प्रोग्राम सारखेच निरुपद्रवी दिसतात.

शनिवार

स्टार-डेल्टा स्टार्टर हा आठवड्याचा खरा विषय होता. मोटर स्टारमध्ये (वेटोळ्यांना कमी व्होल्टेज देणाऱ्या जोडणीत) सुरू करायची, ऑन-डिले टायमरने ठरलेले सेकंद मोजले की स्टारचा कॉन्टॅक्टर सोडायचा आणि डेल्टाचा (पूर्ण व्होल्टेजच्या जोडणीचा) ओढायचा. दोन्ही एकाच वेळी ओढलेले राहिले तर तिन्ही फेजचे शॉर्टसर्किट होते, म्हणून एकाच्या ओळीत दुसऱ्याचा इंटरलॉक (दुसरा चालू असेल तर पहिल्याला अडवणारी अट) प्रोग्राममध्ये टाकायचा, हे सर्वांनी लगेच केले. सरांनी विचारले, प्रोग्रामने स्टार बंद केला म्हणजे स्टार खरोखर सुटला का?

कंट्रोलरने आउटपुट बंद करण्यास एक स्कॅन पुरतो, पण कॉन्टॅक्टरचे आर्मेचर मागे येऊन ठिणगी विझायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून मधे ५० मिलिसेकंदांसारखी छोटी रिकामी जागा दुसऱ्या टायमरने ठेवावी लागते. तरीही कॉन्टॅक्ट चिकटून बसले असतील तर कितीही थांबून उपयोग नाही. त्यासाठी स्टारचा २१-२२ हा एनसी डेल्टाच्या कॉइलच्या वायरमध्ये आणि डेल्टाचा स्टारच्या वायरमध्ये घ्यायचा, म्हणजे प्रोग्राम काहीही म्हणाला तरी दुसरी कॉइल ओढणार नाही. मिरर कॉन्टॅक्ट असलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेले असताना हा एनसी जुळूच शकत नाही, उघडाच राहतो, हे मला नवीन होते. इतकी वर्षे मी तो केवळ ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून जोडत आलो. वर्गातल्या एका मुलाला हे दुहेरी इंटरलॉक जुनाट वाटले. मला ते वाटत नाही, आणि माझ्या धंद्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल तर असो.

आउटपुटचा बिट ही कंट्रोलरने दिलेली आज्ञा असते. ती पाळली गेली का, हे कळण्यासाठी कॉन्टॅक्टरचा एक मोकळा कॉन्टॅक्ट इनपुटला आणून जोडावा लागतो. आज्ञा दिल्यावर अर्ध्या सेकंदात उत्तर आले नाही तर फॉल्ट दाखवून सगळे थांबवायचे. इथे हिशोब आडवा येतो. आमच्या किटला आठच इनपुट आहेत : स्टार्ट, स्टॉप, ओव्हरलोड, मेन-स्टार-डेल्टा यांचे तीन फीडबॅक, ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर आणि फॉल्ट रिसेट. किट भरले. मोटर प्रत्यक्ष फिरते आहे का, हे अजून कोणीच पाहत नाही. कॉन्टॅक्टर ओढलेला असूनही शाफ्ट जाम झालेला असू शकतो, आणि ओव्हरलोडला ते समजेपर्यंत काही सेकंद जातात. बरीच पॅनेले इथेच थांबतात, कारण पुढचा इनपुट म्हणजे जादा मॉड्यूल आणि ते कोटेशनमध्ये दिसते.

पुढच्या आठवड्यात रिसेटचे वेगळे बटण काढून टाकायचे ठरले आहे. स्टॉप बटण तीन सेकंद दाबून धरले की फॉल्ट रिसेट होईल, आणि मोकळ्या झालेल्या इनपुटवर शाफ्टचा प्रॉक्झिमिटी सेन्सर येईल. चाकाला ६० नव्हे, एकच दात ठेवायचा आहे. ठरावीक वेळेत पुढची पल्स आली नाही तर शाफ्ट थांबला असे धरायचे. फक्त पल्सची लांबी स्कॅनपेक्षा जास्त राहील इतका तो दात रुंद हवा, आणि ते गणित उद्या घरी करायचे आहे.