स्वल्पविराम पुसला तर काय उरते?

करारनाम्यांचे मराठी अनुवाद करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि या कामात माझा सर्वाधिक वेळ अगदी साध्या शब्दांवर जातो. पारिभाषिक शब्द कोशात सापडतात; पण एखाद्या कलमातला 'किंवा' नेमका कोणत्या दोन गोष्टींना जोडतो, 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या, आणि वाक्याच्या शेवटी आलेली अट वाक्याच्या किती भागाला लागू होते, हे कोणताही कोश सांगत नाही. ते वाक्याच्या बांधणीतूनच कळावे लागते. बांधणी ढिली असेल तर सगळा भार एखाद्या स्वल्पविरामावर येऊन पडतो, आणि तो भार पेलण्याइतके बळ त्या चिन्हात सहसा नसते.

याचे सर्वांत गाजलेले अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्यातले आहे. तेथील कायद्याने जादा तासांच्या कामाचा वाढीव मोबदला देण्यातून काही कामे वगळली होती. नाशवंत अन्न, शेतमाल, मांस आणि मासे यांच्यावर प्रक्रिया करणे, ते गोठवणे, वाळवणे, साठवणे अशी ती यादी होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' हे शब्द होते. 'शिपमेंट' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट या दुग्धव्यवसायातील कंपनीचे वाहनचालक माल पोहोचवत, म्हणजे वितरण करीत. मालाची बांधणी (पॅकिंग) ते करीत नसत. वितरण हे यादीतले स्वतंत्र काम मानले तर त्यांना वाढीव मोबदला मिळणार नव्हता; आणि 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेली बांधणी' असे एकच काम मानले तर तो मिळणार होता. खालच्या न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. २०१७ साली अपील न्यायालयाने मात्र हे वाक्य संदिग्ध आहे असे ठरवले आणि कायदा कामगारांच्या संरक्षणासाठी असल्यामुळे संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

या खटल्याची चर्चा बहुतेक ठिकाणी स्वल्पविरामापाशीच थांबते. मला त्यातला व्याकरणाचा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. चालकांच्या बाजूने असे दाखवून देण्यात आले की, यादीतील इतर सर्व कामांची नावे क्रियेपासून एकाच प्रत्ययाने बनलेली आहेत आणि 'शिपमेंट' व 'डिस्ट्रिब्यूशन' ही दोनच नामे वेगळ्या घडणीची आहेत. म्हणून ती दोन्ही 'पॅकिंग'वर अवलंबून असली पाहिजेत. उलट कंपनीचे म्हणणे असे होते की, यादीतील शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये असे राज्याच्या मसुदालेखनाच्या मार्गदर्शिकेतच सांगितलेले होते, तेव्हा त्याच्या अभावावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी टिकतात, हाच त्या वाक्याचा दोष होता.

आता हेच वाक्य मराठीत आणायचे ठरवा. 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' असे तरी लिहावे लागेल, किंवा 'पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण' असे तरी. तिसरा मार्ग नाही. इंग्रजीत 'फॉर' एकदाच येऊन पुढच्या दोन्ही नामांवर सावली धरू शकतो. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून चिकटते, त्यामुळे वितरणाला 'साठी' लावायचे की नाही हे अनुवादकाला ठरवावेच लागते. मूळ मजकूर ज्या प्रश्नावर गप्प राहिला, त्यावर मराठी गप्प राहू देत नाही.

दुसऱ्या भाषेने असा निकाल लावल्याचे एक प्रत्यक्ष उदाहरण कॅनडात घडलेले आहे. रॉजर्स आणि अॅलियंट या कंपन्यांमध्ये दूरसंचाराच्या तारांसाठी खांब वापरण्याचा २००२ सालचा करार होता. तो पाच वर्षे चालावा, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी पुढे चालू राहावा, आणि एक वर्षाची लेखी पूर्वसूचना देऊन संपवता यावा, असा त्याचा आशय होता. सूचना देऊन करार संपवण्याची मुभा पहिल्या पाच वर्षांतही होती की फक्त पुढच्या मुदतींत, यावर वाद झाला. करार संपवण्याची अट ज्या 'अनलेस' (नाहीतर) या शब्दाने सुरू होत होती, त्याच्याआधी स्वल्पविराम होता. त्याच्या आधारे दूरसंचार आयोगाने २००६ साली ती मुभा पहिल्या मुदतीलाही लागू आहे असे ठरवले. पुढे त्याच नमुना कराराची फ्रेंच प्रत आयोगापुढे ठेवण्यात आली. तिची रचना अशी होती की संदिग्धतेला जागाच नव्हती. २००७ साली आयोगाने आपला निर्णय फिरवला.

मात्र मराठीत संदिग्धता नसतेच, असा समज कोणी करून घेऊ नये. ती वेगळ्या ठिकाणी असते. 'जुने घर आणि जागा' असे लिहिले तर 'जुने' हे विशेषण फक्त घराचे आहे, हे लिंगावरून कळते, कारण जागेला 'जुनी' म्हणावे लागले असते. पण तेच शब्द विभक्तीत गेले की 'जुन्या घराची आणि जागेची मोजणी' असे होते, आणि 'जुन्या' हे रूप तिन्ही लिंगांना सारखेच चालत असल्यामुळे जागाही जुनी आहे की नाही हा प्रश्न उघडा पडतो. विशेषण अविकारी असले तर प्रथमेतसुद्धा आधार मिळत नाही: 'खासगी इमारती आणि रस्ते' यात रस्ते खासगी आहेत की सार्वजनिक, हे वाक्य सांगत नाही. येथे स्वल्पविरामाने काही साधत नाही. विशेषण दोन्ही नामांचे असेल तर ते दोनदा लिहावे, आणि एकाचेच असेल तर दुसरे नाम आधी घ्यावे. 'रस्ते आणि खासगी इमारती' म्हटले की वाद मिटतो.

सर्वनामांचा धोका याहून मोठा आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. एका यंत्रखरेदीच्या कराराचा मसुदा मी मराठीत आणत होतो. मूळ इंग्रजीतील शब्दांना धरून मी लिहिले, 'पुरवठादाराने खरेदीदाराला यंत्र त्याच्या खर्चाने बसवून द्यावे.' व्याकरणाने पाहिले तर कर्त्याकडे निर्देश करायला 'आपल्या' हवे, म्हणून 'त्याच्या' म्हणजे खरेदीदाराच्या असा अर्थ निघतो. बोलण्यात मात्र आपण हा भेद नेहमी पाळत नाही, आणि मला अभिप्रेत होता पुरवठादाराचाच खर्च. सह्या होण्याआधी खरेदीदाराने शांतपणे विचारले, 'कोणाच्या खर्चाने?' त्या एका प्रश्नाने पुढचा मोठा वाद टळला, आणि त्या दिवसापासून मी करारात 'त्याच्या' हा शब्द वापरणे सोडले. जुन्या दस्तांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द ओळीओळीला येतात तेव्हा वाचणाऱ्याला कंटाळा येतो, पण ती पुनरुक्ती फार शहाणपणाची आहे. त्या दस्तांत सर्वनामाला संधीच दिलेली नसते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट मला वारंवार आठवते. मोडीत लिहिलेल्या दस्तांत शब्दसुद्धा तोडून लिहिलेले नसत. विरामचिन्हे तर नव्हतीच. मराठीला त्यांची ओळख करून देण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधी व्यवहार होत होते, जमिनी हस्तांतरित होत होत्या, आणि वाक्यांना उभे राहण्यासाठी विभक्ती, शब्दक्रम आणि ठरलेल्या शब्दप्रयोगांचाच आधार होता.

न्यायालयेसुद्धा विरामचिन्हांकडे काहीशा सावधपणे पाहतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात १९५२ साली अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात असे मत नोंदवले गेले की, कायद्याचा अन्वयार्थ लावताना विरामचिन्ह हा गौण घटक आहे आणि तो निर्णायक मानता येत नाही. पण गौण म्हणजे निरुपयोगी नव्हे. १९७९ साली मोहम्मद शब्बीर यांच्या प्रकरणात याच न्यायालयापुढे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाचे कलम २७ आले. त्यातील 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' (साठवतो किंवा विक्रीसाठी मांडतो) या शब्दांत 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, तेव्हा 'विक्रीसाठी' ही अट साठवण्यालाही लागू होते आणि नुसता साठा बाळगणे त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. एखाद्या माणसाच्या शिक्षेचा प्रश्न अशा रीतीने एका न दिलेल्या चिन्हाशी येऊन ठेपू शकतो. १९१६ साली ब्रिटनमध्ये आयरिश राष्ट्रवादी रॉजर केसमेंट यांच्या देशद्रोहाच्या खटल्यात तर १३५१ सालच्या नॉर्मन फ्रेंच कायद्यातील विरामाच्या खुणा पाहण्यासाठी न्यायाधीश मूळ लेखापर्यंत गेले होते. केसमेंट यांना त्याच वर्षी फाशी झाली.

म्हणून मी प्रत्येक कलम पूर्ण झाल्यावर त्यातील सगळी विरामचिन्हे काढून टाकतो आणि ते मोठ्याने वाचतो. अर्थ बदलला किंवा डळमळला तर चिन्ह परत घालून समाधान मानत नाही. वाक्य नव्याने बांधतो.

गेल्या आठवड्यात 'यंत्रे, सुटे भाग आणि साहित्य, जे सदोष आढळेल, ते पुरवठादाराने बदलून द्यावे' असे एक वाक्य हाती आले. चिन्हे काढल्यावर 'जे सदोष आढळेल' हे शब्द शेवटच्या 'साहित्या'ला जाऊन चिकटले, कारण क्रियापदही एकवचनीच होते. यंत्रे वाऱ्यावर राहिली. मी ते असे बदलले: 'यंत्रे, सुटे भाग आणि साहित्य यांपैकी जे काही सदोष आढळेल ते पुरवठादाराने स्वखर्चाने बदलून द्यावे.' 'यांपैकी' या शब्दाने तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. छापील प्रत तपासायला आली तेव्हा त्यावरचा अनुस्वार गळून 'यापैकी' झाले होते आणि ते एकवचन पुन्हा एकट्या साहित्याकडे बोट दाखवत होते. मी तेवढ्या एका ठिकाणी खूण करून प्रत परत पाठवली आहे.