जीबीएसनंतरचा जलोपचार : अडले ते एका प्रमाणपत्रापाशी

गुलेन बॅरी सिंड्रोममध्ये, म्हणजे जीबीएसमध्ये, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. मला तो झाला, तेव्हा अतिदक्षता विभाग, इम्युनोग्लोब्युलिनचे (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचे) उपचार आणि वॉकर धरून घरी परतणे हे सारे रीतसर पार पडले. मी अडकलो तो पाण्यातील व्यायामाच्या परवानगीत.

छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांशच भार येतो, म्हणून फिजिओथेरपिस्टने जलोपचार सुचवला होता. जलतरण तलावाच्या कार्यालयाला मात्र 'संसर्गजन्य आजार नाही' आणि 'पाण्यात उतरण्यास हरकत नाही' ही दोन्ही वाक्ये एकाच कागदावर हवी होती. न्यूरॉलॉजिस्टांनी पहिले लिहून दिले आणि दुसरे फिजिओथेरपिस्टवर सोपवले. तिने सांगितले की पाण्याचा दाब छातीवर येत असल्याने श्वसनक्षमता तपासल्याखेरीज ती सही करणार नाही. तिचा आग्रह रास्तच होता. माझा राग तलावाच्या छापील अर्जावर आहे, कारण श्वसन, रक्तदाबातील चढउतार किंवा तळपायांचा बधिरपणा यांपैकी कशासाठीही त्यात रकाना नव्हता, आणि जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही हे मात्र वॉकरवर उभे राहून खिडकीपाशी पुन्हा पुन्हा सांगावे लागत होते. तुटलेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. अशा रुग्णाचे आठवडे कागदासाठी खर्ची पडावेत, हे मला आजही पटत नाही.

शेवटी स्पायरोमेट्री (श्वसनक्षमतेची चाचणी) आणि झोपून व उभे राहून मोजलेला रक्तदाब, असे दोन्ही अहवाल जोडून एकच पत्र तयार केले व त्यावर दोघांच्याही सह्या घेतल्या. वेगवेगळी पत्रे मागत बसू नका. मसुदा स्वतः लिहून न्या.

तलावातले पाणी 33 ते 35 अंश सेल्सिअस होते. जमिनीवर न उचलली जाणारी मांडी तिथे वर आली, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. तरीही दमेपर्यंत व्यायाम करू नये. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाढला, तर वेळ कमी करावी. आणखी एक राहिले : उपचारांदरम्यान मानेत नळी घातली असेल, तर तिची जखम पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पायांना संवेदना कमी असल्यास पाण्यात वापरायचे रबरी बूट घाला, आणि बाहेर येताना रक्तदाब उतरू शकतो, म्हणून काठावर थोडा वेळ बसूनच उभे राहा.