पांढरीवरचे तीन नकाशे

सोलापूरकडच्या माणसाला पांढरी काय असते ते सांगावं लागत नाही. काळ्या रानात मधेच उठलेला राखट उंचवटा, जुन्या गावाची पडकी घरं, चुलीची राख, शेणमाती साचून झालेला. हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख बघायला गाड्या भरून लोक जातात, वाटेतल्या पांढरीकडे कुणी मान वळवत नाही. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी सीनेकाठची अशीच एक पांढरी धरली. खणायचं नाही, फक्त सर्वेक्षण करायचं. पायी फिरून खापरं मोजायची, ड्रोनने फोटो घ्यायचे आणि जमिनीचा विद्युतरोध, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजायचं. ओल असेल तिथे रोध कमी, दगड-विटा असतील तिथे जास्त.

पहिली अडचण हंगामाची. खापरं दिसतात ती रब्बीची ज्वारी काढल्यावर, रान मोकळं झालं की. पण तेव्हा काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि रोध मोजायला तर ओल लागते. जीपीआर, म्हणजे रडारच्या लहरी जमिनीत सोडून खालचं दाखवणारं यंत्र, आणू का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, या चिकणमातीत त्याचा सिग्नल थोडं खाली जाऊन विरतो, भाडं कशाला भरतेस? ते खरंच होतं.

मग मार्चमध्ये पायी सर्वेक्षण उरकलं. पाच जण, दहा-दहा मीटर अंतराने एका रांगेत. दर वीस मीटरला थांबायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. साडेदहानंतर उन्हात खापर आणि ढेकूळ सारखंच दिसायला लागायचं, म्हणून सकाळी सहालाच सुरुवात. ड्रोन परवानगीचा नकाशा तपासून एका दिवसात झाला.

रोध मोजायला जूनच्या पहिल्या पावसानंतर गेलो. वीस मीटरचे चार चौकोन, दर मीटरला एक नोंद, म्हणजे एका चौकोनात चारशे वेळा सळया रोवायच्या आणि उपटायच्या. सळया, वायरी, डबा बघून बांधावरून हाक यायचीच, "काय ओ, बोअरचं पाणी बघायला आलाव का?" दोन दिवसांनी मी नाही म्हणायचं सोडून दिलं.

रात्री क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एकावर एक ठेवलं, तर पांढरी नदीच्या पात्राकडे सरकलेली! सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा एव्हरेस्टच्या मापावर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; दोघांनी धरलेला पृथ्वीचा आकारच वेगळा, म्हणून जागा सरकते. ते जुळवण्यात दोन रात्री गेल्या.

जुळल्यावर खरी पंचाईत झाली. पांढरीच्या मध्यावर रोध एकदम कमी, चांगला चौकोनी पट्टा. मी मनातल्या मनात तिथे हौद बांधूनसुद्धा मोकळी झाले. पण खापरांच्या नकाशावर नेमकी तीच जागा रिकामी. उलट सगळ्यात जास्त खापरं दीडशे मीटर खालच्या सपाट काळ्या रानात, जिथे वस्तीची दुसरी काही खूण नव्हती. ड्रोनच्या उंचीच्या नकाशात मध्यावर हातभर खळगा. तीन नकाशे, तिघांची तीन तोंडं.

शेतमालकांच्या आई रोज आम्हाला ताक द्यायच्या. निघायच्या आदल्या दिवशी मी सहज विचारलं, "आजी, इथं कधी खणलं होतं का?"

"आगं, तिथनंच तर माळवदाला माती नेली आमी. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदी. उरलेली बैलगाडीनं खालच्या रानात टाकली, खत म्हनून."

मी खाली बसले. खड्डा नंतर भुसभुशीत मातीने भरला, तिथे ओल धरते, म्हणून रोध कमी. खापरं मातीबरोबर गाडीतून खाली गेली. माझा हौद म्हणजे आजींच्या माळवदाचा खड्डा! आणि मी त्यांना हे विचारलं तीन महिन्यांनी.

एका गोष्टीचा मात्र आजींना पत्ता नव्हता. उत्तरेच्या कोपऱ्यात जास्त रोधाची एक सरळ रेघ, साधारण बारा मीटर. तिच्यावरच उंचीच्या नकाशात बारीकसा बांध, आणि मोजणीच्या वहीत त्याच पट्ट्यात "विटांचे तुकडे" तीनदा. तिथे तिन्ही नकाशे एकच बोलत होते. मी उड्या मारत सरांना फोन केला. ते म्हणाले, "भिंत म्हणू नकोस. जास्त रोधाची रेघ, एवढंच लिही."

प्रबंधात तसंच लिहिलंय. आजींना मात्र मी भिंतच सांगितली.