काळी पाटी, पिवळी अक्षरं : आमची वाटचाल

सुरुवात दोन जुन्या इंडिकावर झाली, टॅक्सीची पिवळी नंबरपाटी, बाबा स्वतः स्टेअरिंगवर, संभाजीनगरच्या हॉटेलातून गिऱ्हाईक उचलायचं, वेरूळ नाहीतर अजिंठा दाखवायचा अन संध्याकाळी आणून सोडायचं, एवढंच काम. मग फॉरेनचे पाहुणे म्हणायला लागले ड्रायव्हर नको, नुसती गाडी द्या. लोकांनी सल्ला दिला, घरची पांढऱ्या पाटीची गाडी द्या न मोकळे व्हा, काहून परमिटच्या भानगडीत पडता. बाबांनी ऐकलं नाही. खाजगी गाडी भाड्यानं दिली अन कुठं ठोकली की इन्शुरन्सवाले हात वर करतात. पण १९८९ च्या रेंट अ कॅब स्कीममधी, म्हणजे ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्यानं द्यायच्या सरकारी नियमात, लायसन्सला कमीत कमी ५० गाड्या लागतात, त्या आम्ही कुठून आणणार, म्हणून आमच्या गाड्या एका मोठ्या लायसन्सवाल्याकडं अटॅच केल्या. कमिशन जातं, पण पाटी काळी अन अक्षरं पिवळी, सेल्फ ड्राइव्हला कायदेशीर.

पाहुण्याचे कागद तर बघतोच, मूळ लायसन्स अन इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोन्ही पाहिजे, तारखेसकट. पण खरी परीक्षा गाडीत. चावी द्यायच्या आधी आमचा माणूस शेजारी बसून बीड बायपासला एक चक्कर मारून आणतो. युरोपातला माणूस असला की वळणावर वायपर चालू, कारण त्याच्याकडं इंडिकेटर डाव्या हाताला अन आपल्या मारुतीत उजव्या. ते एक सोडा, उजवीकडं बसायची सवय नसती त्यामुळं गाडी हळूहळू डावीकडं सरकत जाते, चाक साइडपट्टीवरून खाली उतरतं अन त्याला पत्ताच नसतो. डिपरचा, म्हणजे हेडलाइट लुकलुकवायचा, तर उलटाच प्रकार, तिकडं समोरच्यानं डिपर दिला म्हणजे 'या तुम्ही', आपल्याकडं 'थांब, मी येऊ लागलो'. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर तो वळतोय का आपल्याला 'पुढं जा' म्हणतोय हे तर इथल्या माणसालाबी कळत नाही कधीकधी. जपानी पाहुणे त्यातल्या त्यात बरे, घरीबी डावीकडूनच चालवतात, फक्त क्रांती चौकात कोणी जागा देईल म्हणून वाट बघत बसतात.

अंधारात चालवायचं नाही हे करारातच लिहून घेतो. साखर कारखाने सुरू झाले की पैठण, अंबड, गेवराईकडं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रेडियम, ऊस बाहेर लोंबलेला, अन समोरच्याच्या हेडलाइटचा अप्पर डोळ्यावर असला तर ट्रॉली दिसती ती एकदम बोनेटपाशी आल्यावरच. एका जोडप्याला रात्रीच लोणारला निघायचं होतं, नाही दिली गाडी, दुसरीकडून घेऊन गेले, जाऊ द्या. समृद्धीवर वेगळीच गंमत, कारला १२० ची मर्यादा, सरळसोट सिमेंट, डोळा लागतो. जुने टायर तापून फुटतात, म्हणून तिकडं जाणाऱ्या गाडीचे टायर मी स्वतः हात फिरवून बघतो.

बरेच जण चक्कर मारून आले की स्वतःच म्हणतात, ड्रायव्हर द्या. देतो की.

बुकिंग करताना वार बघा, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूर टी पॉइंटलाच लावायची, पुढं लेण्यांपर्यंत बसनं जायचं. अन वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा जुना दरवाजा लई अरुंद, तिथं समोरच्याला आधी येऊ द्या, आरसा घासला तर डिपॉझिटमधून कापतो.