लॉन राहूदे, करवंद लावा

आमच्याकडं बेळगावात नवीन लेआउटमध्ये घर झालं की आधी गेट, मग पेव्हर, मग लॉन, आणि एप्रिल आला की त्या लॉनला पाणी कुठनं आणायचं म्हणून टँकरवाल्याला फोन. आणि जांबोटीच्या बाजूला नाहीतर राजहंसगडाच्या उतारावर जावा, ज्याला कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही ते करवंद भर मेमध्ये हिरवंगार पसरलेलं असतं. खायला सगळ्यांना पाहिजे, कोंबडा की कोंबडी करत दाताखाली फोडून आत लाल निघालं की कोंबडा म्हणून ओरडायला पाहिजे, पण कंपाऊंडच्या आत नको, का तर रानातलं.

मी लावलंय. घरामागं तांबड्या मातीचा उतार आहे, दर पावसाला थोडा थोडा गटारीत जायचा, आता मुळ्या धरून ठेवतात. रोपं मुद्दाम आणायला नको, खानापूरकडच्या बायका मेमध्ये बाजारात घेऊन बसतात ती पिकलेली करवंदं खायची, बिया धुवायच्या आणि लगेच पेरायच्या, कारण बी जुनं झालं की उगवायचं नाव नाही. पहिला उन्हाळा तेवढं पाणी द्यावं लागतं, नंतर विसरला तरी चालतं.

फक्त एक आहे, हे आपणहून जमिनीलगत बसणारं झाड नव्हे. मोकळं सोडलं तर माणसाच्या वर जातंय. म्हणून कापत राहायचं, पण कधी कापायचं त्यात गंमत आहे, फुलं फांदीच्या टोकाला येतात, तेव्हा हिवाळ्याच्या शेवटी कात्री चालवली की त्या वर्षीची करवंदं गेली. मी फळं काढून झाली की पावसाच्या तोंडाला छाटतो. चीक हाताला चिकटतो, चाफ्याच्या कुळातलंच ना शेवटी, आणि काटे तर दुतोंडी, हातमोज्याशिवाय जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक पांढरी फुलं येतात तेव्हा संध्याकाळी मागचं दार उघडं ठेवावं, एवढंच सांगतो.

शेजारच्या काकू आधी म्हणायच्या, "दारात काटं कशाला लावलाय ओ?" आता एप्रिलात लोणच्याला कच्ची करवंदं लागतात म्हणून पातेलं घेऊन येतात, आणि काट्यावरनं बोलायचं अजून सोडलेलं नाही.