० बाइटचे फॉन्ट, लॉग ३

तर मंडळी, सीडीचं गाडं शेवटी हललं. नारायण पेठेतली प्रेस बंद करताना काकांनी जुन्या मॅकची सीडी दिली होती, "पत्रिकेचे फॉन्ट आहेत, बघ चालतायत का", आणि मी मित्राच्या जुन्या आयमॅकवरून पेनड्राइव्हवर घेऊन घरी उबुंटूवर उघडले तर एकूण एक फाइल ० बाइट! चूक माझीच. जुन्या मॅक फॉन्टचा सगळा माल रिसोर्स फोर्कमध्ये (फाइलीला चिकटलेला मॅकचा वेगळा कप्पा) असतो, पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटला ती भानगड माहीतच नाही, म्हणून मॅक तो माल नावाआधी डॉट-अंडरस्कोर (._) असलेल्या वेगळ्या फाइलीत टाकतो, आणि मी त्या फाइली कचरा म्हणून उडवल्या होत्या.

या वेळी थेट सीडीची डीडी कमांडने इमेज (जशीच्या तशी प्रत) काढली, जुन्या मॅकच्या डिस्क वाचणाऱ्या एचमाउंटने ती उघडली, एचकॉपीने फॉन्ट मॅकबायनरीत (दोन्ही कप्पे एकाच फाइलीत ठेवणारा फॉरमॅट) बाहेर घेतले आणि मॅकचे फॉन्ट बदलून देणाऱ्या फॉन्डूला दिले. पीएफबी, म्हणजे जुन्या टाइप १ प्रकारच्या फॉन्ट फाइली, हातात! पण लिबरऑफिसने ५.३ पासून टाइप १ बंदच केलंय, मग फॉन्टफोर्ज या फॉन्ट एडिटरमधून ओटीएफ, म्हणजे आजचा फॉन्ट फॉरमॅट. तोच ओटीएफ भावाच्या विंडोजवर पण गपचूप बसला.

खरी मजा पुढे. सीडीवरच्या एका पत्रिकेचा मजकूर विंडोजवर उघडून फॉन्ट लावला तर "चि. सौ. कां." मधला कां गायब, तिथे द्य. अर्धा तास फॉन्टलाच शिव्या घातल्या. फॉन्ट बरोबर होता हो, मॅकवर १६५ नंबरचा बाइट म्हणजे गोल ठिपका, विंडोजच्या १२५२ एन्कोडिंगमध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठलं चिन्ह याची यादी) तोच येनचं चिन्ह, आणि या फॉन्टात त्या दोन्ही जागांवर वेगवेगळी मराठी अक्षरं बसवलीयेत. एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्ह कमांडला मूळ एन्कोडिंग मॅकिंटॉश सांगितलं की कां जागेवर. (ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या, जुना मॅक ओळ मोडायला नुसता सीआर (कॅरेज रिटर्न) बाइट टाकतो, ते एका कमांडचं काम.)

आता युनिकोडचा तक्ता करतोय, म्हणजे या फॉन्टातल्या कुठल्या चिन्हाचं युनिकोडमधलं अक्षर कुठलं. पहिली वेलांटी नडते, जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडला नंतर लागते, त्यात जोडाक्षर आलं की ती नक्की किती उड्या मारून पुढे न्यायची हे स्क्रिप्टला समजावताना डोकं फिरतं. साठेक ग्लिफ (फॉन्टातले अक्षरांचे आकार) लागलेत. "वऱ्हाडी" मधला र मात्र अजून सापडलेला नाही, कोणाकडे जुन्या मॅकवर टाइप केलेला पत्रिकेचा मजकूर असेल तर सांगा. फॉन्ट मागू नका, लायसन्स काकांचं आहे.