वॉशिंग्टन स्क्वेअर आणि १७९३ चा पीतज्वर

फिलाडेल्फियात राहायला आल्यापासून मी दुपारचा डबा बहुतेक वेळा वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाकावर बसून खाते. तिथल्या हिरवळीखाली १७९३ च्या पीतज्वरात दगावलेली माणसेही पुरलेली आहेत, हे कळल्यापासून मात्र घास घशाखाली उतरायला वेळ लागतो.

त्या ऑगस्टमध्ये डेलावेअर नदीच्या धक्क्याजवळच्या वस्तीत साथ सुरू झाली. थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी, कंबरदुखी, ओकाऱ्या. आणि तीन-चार दिवसांनी ताप उतरे. रोगी उठून बसे, खायला मागे, घरच्यांच्या जिवात जीव येई. मला या रोगाचे सर्वांत क्रूर लक्षण हेच वाटते, कारण कित्येकांच्या बाबतीत हा उतार जेमतेम एखादा दिवस टिके आणि मग ताप उलटे, डोळे व कातडी हळदीसारखी पिवळी पडे, नाकातून, हिरड्यांतून रक्त येई आणि शेवटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळी उलटी होई. तो काळा चोथा म्हणजे जठरात साकळलेले रक्तच असे.

डॉक्टर बेंजामिन रश यांनी धक्क्यावर सडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीला दोष दिला आणि पाऱ्याचे जुलाब देऊन, शिरा कापून रोग्यांचे रक्त काढले. खरा दोषी होता एडिस इजिप्ती डास, आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच. क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये डासावर बोट ठेवले होते, पण ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. भारतात हा डास आहे, रोग मात्र नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून परतणाऱ्यांकडे आपल्या विमानतळावर लसीचे पिवळे कार्ड मागतात.

सुमारे पन्नास हजारांच्या या शहरात, जे तेव्हा अमेरिकेची राजधानी होते, पाच हजारांच्या आसपास माणसे गेली. लोक हस्तांदोलन टाळू लागले, व्हिनेगरमध्ये भिजवलेले रुमाल नाकाला लावून रस्त्याच्या मधोमध चालू लागले, आणि नवऱ्यांनी आजारी बायकांना टाकून पळ काढल्याच्याही नोंदी आहेत.

अशा वेळी रिचर्ड ॲलन आणि ॲबसालोम जोन्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या हाकेला ओ देऊन शहरातले कृष्णवर्णीय लोक शुश्रूषेला आणि प्रेते उचलायला पुढे आले. त्यांना हा रोग होत नाही, असा तेव्हा समज होता. तो साफ खोटा ठरला. स्वतः ॲलन तापाने अंथरुणाला खिळले, त्यांचे कितीतरी सोबती मेले. तरीही मॅथ्यू केरी या प्रकाशकाने, त्यांच्यातल्या काहींनी शुश्रूषेसाठी अवाच्या सव्वा पैसे उकळले आणि घरांत चोऱ्या केल्या, असे छापले. ते वाचताना मला आजही संताप येतो. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये पुस्तिका काढून उत्तर दिले आणि जमाखर्च मांडला, ज्यात शवपेट्यांवर आणि मजुरीवर झालेला खर्च हाती आलेल्या पैशांपेक्षा जास्त होता.

ॲलन यांनी त्याच वर्षी स्थापलेले मदर बेथेल चर्च वॉशिंग्टन स्क्वेअरपासून चालत काही मिनिटांवर आहे. डबा आवरून मी अनेकदा त्याच वाटेने परत जाते.